तीन नंबरचे कोण?

४ सप्टेंबर

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे. जेवते वेळेवर, हे तू विचारायच्या आत सांगून टाकते. ते पूर्ण खरं नाही, पण अगदी खोटंही नाही.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तू माझ्याशी बोलतेयस की पेशंटच्या माणसांशी?" आणि फोन ठेवून दिलास. ते मला लागलं. म्हणून हे पत्र. पत्रात आवाज नसतो, त्यामुळे भांडणं कमी होतात. शिवाय माझं अक्षर तुला लागत नाही, म्हणजे तू निम्मंच वाचशील.

भाऊजींचे रिपोर्ट मिळाले. स्कॅनच्या फिल्म खिडकीला धरून तू फोटो काढलेस, त्यातल्या दोन फोटोंत तुझा अंगठाच मोठा दिसतोय. अजून नीट बघितले नाहीत. इथे कामाची फार गडबड आहे. सवडीने बघते आणि कळवते. तोवर तिथल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेव, जेवण थोडं थोडं दे, आणि इंटरनेटवर काहीबाही वाचत बसू नकोस. भाऊजींना म्हणावं, मेहुणीने सांगितलंय, पोट दुखत असताना लोकांना गाडी शिकवायला जायची गरज नाही. शिकणाऱ्यांची गाडी काय, आज नाही तर उद्या आदळेल.

तिथले डॉक्टर तुला म्हणाले, "तुमच्या घरातच डॉक्टर आहेत, त्याच नीट समजावून सांगतील." वाचून हसू आलं. जगभर हीच रीत दिसते. तुला आठवतं, लहानपणी आपल्याकडून शेजाऱ्यांची काच फुटली की आई सांगायला मलाच पाठवायची? "बुटकी गोड बोलते, तिच्यावर कोणी ओरडत नाही." तू फोडायचीस आणि मी सांगायचे. तर ताई, मी एवढी शिकले, आयसीयूत डॉक्टर झाले, आणि अजून तेच करते. आमच्याकडे कोणाचाही पेशंट गेला की बाहेर बसलेल्या माणसांना सांगायला मला बोलावतात. सर्जनसाहेब आठ तास उभं राहून ऑपरेशन करतील, पण दारातून बाहेर जाऊन एक वाक्य बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. "तू सांग गं, तुझी भाषा चांगली आहे." आधी आमच्या विभागापुरतं होतं. आता दुसऱ्या मजल्यावरूनही फोन येतात. पेशंट मी पाहिलेलासुद्धा नसतो. कोणीतरी बेड नंबर सांगतं, मी जाते, सांगते, परत येते. चहा गार झालेला असतो.

गंमत सांगते. गेल्या आठवड्यात आमच्यासाठी ताणमुक्तीचं शिबिर ठेवलं होतं. बाहेरून एक गृहस्थ आले होते, फार प्रसन्न. त्यांनी प्रत्येकाला एक फुगा दिला, त्यावर आपला ताण लिहायचा आणि सगळ्यांनी मिळून फुगे फोडायचे. फुगे फुटायला लागल्यावर खालच्या मजल्यावरून सुरक्षारक्षक धावत आले. मग डोळे मिटून खोल श्वास घ्यायला लावले, तर निम्मे लोक तिथेच झोपले. सर्जनसाहेब तर घोरायला लागले. गृहस्थ खूश झाले, म्हणाले, बघा किती लवकर फरक पडतो. शिबिर आमच्या जेवणाच्या सुट्टीत होतं, त्यामुळे जेवण राहिलं. भीक नको पण कुत्रं आवर.

माझ्या फुग्यावर काय लिहिलं होतं विचारशील. काही सुचलं नाही म्हणून कोराच फोडला.

बाकी ठीक. रिपोर्टचं कळवते.

तुझी,
बुटकी


१७ सप्टेंबर

ताई,

तुझे सगळे फोन मी पाहिले. वाजत असताना हातातच होता. उचलला नाही. रागावले म्हणून नाही, तो विचार मनातून काढून टाक.

मी रजेवर आहे. सक्तीच्या रजेवर, पण तिला तसं म्हणत नाहीत, "विश्रांती" म्हणतात. खोलीत बसून असते. समोरच्या इमारतीत एक बाई रोज दुपारी गादी झटकते, ती बघते. कपडे धुतले आहेत, भांडी घासली आहेत, तुला पत्र लिहायला चार वेळा बसले आहे. प्रत्येक वेळी तब्येतीची चौकशी करून झाली की हात थांबतो. आज थांबू द्यायचा नाही असं ठरवलंय. जे झालं ते आधी सांगते. त्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही, आणि मलाही लिहिता येणार नाही.

कोणाला मृत्यू कसा सांगायचा हे आम्हाला शिकवतात. पुढे नव्या मुलांना ते मीच शिकवायला लागले. पहिलं पाऊल नावाचं. "तुम्ही अमक्यांचे कोण?" असं पेशंटचं नाव घेऊन विचारायचं, खात्री करून घ्यायची. मग म्हणायचं, "आपण जरा बसू या." मग, "मला तुम्हाला एक वाईट बातमी सांगायची आहे." मग थांबायचं. मग स्पष्ट सांगायचं, गोल गोल बोलायचं नाही. मग, "आम्ही शक्य ते सगळं केलं. त्यांना शेवटी त्रास झाला नाही." आणि शेवटी, "तुम्हाला काही विचारायचंय का?" ही वाक्यं चांगली आहेत, ताई. विचार करून बनवलेली आहेत. त्यांनी माणसं सावरतात, हे मी पाहिलंय.

मी त्यातलं पहिलं पाऊल गाळायला लागले होते. मुद्दाम. नाव घेतलं की ते डोक्यात राहतं. भाजी घेताना तेच नाव कोणी हाक मारताना ऐकलं की माझा हात थांबायचा. दुकानाच्या पाट्यांवर, शाळेच्या बसवर, जिथे तिथे माझी मेलेली माणसं. म्हणून मी नाव विचारणं सोडलं आणि बेड नंबर विचारायला लागले. नंबर लक्षात राहत नाही, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरंच कोणीतरी असतं. मला ते बरं पडलं. झोप यायला लागली. मला वाटलं, जमलं एकदाचं.

त्या दिवशी दुपारी मी दुसऱ्या वॉर्डात होते. सर्जनसाहेबांचा फोन आला. "तीन नंबर गेला. माणसं बाहेर आहेत. येतेस?" मी गेले. आत गेलेच नाही. बाहेरच्या बाकांशी उभी राहिले आणि विचारलं, "तीन नंबरचे कोण?"

एक गृहस्थ उठले. पन्नाशीचे, हातात जेवणाचा डबा. मी म्हटलं, आपण जरा बसू या.

सकाळपर्यंत तीन नंबरवर त्यांची बायको होती. तिला बरं वाटायला लागलं होतं, श्वासाचं मशीन काढलं होतं. पाच नंबरवर एक तरुण मुलगा होता, विजेच्या खांबावरून पडलेला, त्याची तब्येत बिघडत चालली होती, आणि पाच नंबरच्या भिंतीतला ऑक्सिजन दाब धरत नव्हता. म्हणून दुपारी दोघांची अदलाबदल केली. ती पाचवर, तो तीनवर. घाईत बाहेरच्यांना सांगायचं राहिलं. मुलाने तीन नंबरवरच प्राण सोडला.

मी त्या गृहस्थांना सगळं नीट सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. त्यांनी डबा बाकावर ठेवला, झाकण घट्ट आहे का पाहिलं, आणि मग ते दुमडलेच. शेजारी एक बाई बसल्या होत्या, साधारण आपल्या आईच्या वयाच्या. त्यांनी त्यांना धरलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. म्हणाल्या, "रडा, भाऊ. मी आहे इथे. माझा मुलगा पाच नंबरला आहे, मी कुठे जात नाही."

तुझ्या आता लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

सिस्टरांनी त्या गृहस्थांना आत नेलं. क्षणभराने ते बाहेर आले ते धावतच. आत त्यांनी चादर बाजूला केली तर मुलाचा चेहरा, आणि पलीकडच्या पाच नंबरवरून त्यांची बायको म्हणत होती, "इतका उशीर? भूक लागली मला." माझ्यावर ओरडायला हवं होतं त्यांनी, थोबाडीत मारायला हवी होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "डॉक्टर, तुमचे उपकार." मी तिला परत आणली असं वाटलं असेल. डबा उचलून ते आत पळाले.

मला काहीच वाटलं नाही. भीती नाही, लाज नाही, सुटका नाही. फक्त एवढं कळलं की काम राहिलंय, आणि ते शेजारच्या बाकावरचं आहे. मी वळले. त्या बाई उभ्या होत्या. पाण्याच्या बाटलीचं झाकण त्यांच्या हातात होतं. मी म्हटलं, "आपण जरा बसू या."

त्या म्हणाल्या, "बसा म्हणू नका. पुढचं सगळं मी आत्ता ऐकलंय."

मी तोंड उघडलं. पुढचं वाक्य आपोआप आलंच होतं जिभेवर. त्यांनी हात वर केला. "एकच सांगा. गेला का? आणि त्याचं नाव घेऊन सांगा. मघाशी कोणाचंच नाव घेतलं नाहीत तुम्ही."

ताई, मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

मला त्या आईलाच विचारावं लागलं. मेलेल्या मुलाचं नाव काय, असं. त्यांनी सांगितलं. अगदी हळू, शाळेत नाव घालताना सांगतात तसं, आडनावासकट. मग ते नाव घेऊन मी म्हटलं, गेला. एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "हं." आणि खाली बसल्या. त्यांच्या शेजारी आता कोणी नव्हतं. पाणी पाजायला कोणी नव्हतं. मला पाणी द्यायचं सुचलं नाही. मी तिथे उभी होते, आणि दुसऱ्या मजल्यावरून फोन आला म्हणून गेले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्यांचं आहे. पण ते गेलं नाही डोक्यातून, एवढं सांगते.

आमच्या प्रमुखांनी बोलावलं. मी वाट बघत होते बोलणी खायची. ते म्हणाले, थकली आहेस, सुट्टी घे, फिरून ये, आल्यावर बघू. मी विचारलं, आल्यावर काय बघू? म्हणाले, "अगं, तुझ्याइतकं चांगलं कोणाला जमतं?" ये रे माझ्या मागल्या. तेव्हा मी पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, ज्याने पेशंट पाहिला त्यानेच बाहेर जाऊन सांगायचं. जाताना कोणीतरी सोबत हवं. आणि सांगून आल्यावर त्या माणसाला लगेच दुसरीकडे पळवायचं नाही, थोडं बसू द्यायचं. फुगे नकोत, एवढंच करा. ते म्हणाले, सगळे सांगत आणि बसत राहिले तर कामं कोण करणार? मी म्हटलं, सर, हेसुद्धा कामच आहे.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला नाही गं जमत. दाराच्या कडीला हात लावला की छातीत धडधडतं. एवढी वर्षं झाली. कोणाला सांगितलं नाही." मला त्यांची दया यायला हवी होती. मी घड्याळ बघत होते. काही बदलेल असं मला वाटत नाही. रोज मरे त्याला कोण रडे. आमच्याकडे तर मरणारे रोज, आणि रडणारे बाहेरच्या बाकावर. आतलं कोणीच रडत नाही.

आता तुझ्या फोनांकडे येते.

मागच्या पत्रात मी लिहिलं, रिपोर्ट बघितले नाहीत. ते खोटं होतं. तू पाठवलेस त्याच दुपारी, वॉर्डात उभ्या उभ्या मी ते पाहिले. तुझ्या अंगठ्यासकट. मला कळायला वेळ लागला नाही, ते माझं कामच आहे. आणि कळल्यावर मी फोन खिशात टाकला आणि पुढचा पेशंट पाहिला. चहा घेतला. कोणाच्या तरी विनोदावर हसले. भाऊजींनी मला गाडी शिकवली, ताई. मी चौकात गाडी बंद पाडायचे, मागून सगळे भोंगे वाजवायचे, आणि ते शेजारी बसून शेंगा सोलत म्हणायचे, "वाजवू दे, त्यांची बॅटरी उतरेल." बाबा गेल्यावर माझ्या कॉलेजच्या दारात सोडायला तेच आले होते. त्या माणसाचा स्कॅन मी पाहिला आणि मला काही वाटलं नाही. त्यालाच मी घाबरले. भाऊजींच्या आजाराला नाही, त्या काही न वाटण्याला. म्हणून फोन उचलत नव्हते. उचलला असता तर मी म्हटलं असतं, "ताई, आपण जरा बसू या." अगदी त्याच आवाजात. तू तो ओळखलाच होतास.

तिथल्या डॉक्टरांनाही कळलेलं आहे. त्यांनी ते माझ्यावर ढकललं, मी कामावर ढकललं. तुझ्या नवऱ्याच्या पोटात काय आहे हे दोन डॉक्टरांना माहीत आहे आणि तुला नाही.

म्हणून सांगते. भाऊजींना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. तो लिव्हरमध्ये पसरलाय. ऑपरेशन करून काढता येईल असा राहिलेला नाही. ते यातून बरे होणार नाहीत, ताई. औषधं आहेत, त्यांनी थोडा काळ मिळतो, कधी बऱ्यापैकी मिळतो. दुखणं आटोक्यात ठेवता येतं, ते मात्र नक्की, आणि ते लगेच सुरू व्हायला हवं. तिथल्या डॉक्टरांशी मी आज सकाळी बोलले. कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ शनिवारची घेतली आहे. आधी गाठीचा तुकडा काढून तपासतील, मग औषध ठरवतील. माझ्याच बघण्यात चूक झाली असं निघालं तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही, पण तू त्या आशेवर राहू नकोस.

मधले दिवस माझ्यामुळे गेले. एवढ्या दिवसांनी आजारात फार फरक पडत नाही, असं मी दुसऱ्या कोणालाही सांगितलं असतं, आणि ते खरंही आहे. पण तेवढे दिवस भाऊजी दुखणं दाबून लोकांना गाडी शिकवत फिरले, आणि तू फोन हातात घेऊन बसलीस. ते माझ्या पदरात घाल.

अशी बातमी पत्रात लिहायची नसते. माणूस एकटा असताना द्यायची नसते. हे मीच शिकवते. तू स्वयंपाकघरात उभी राहून हे वाचत असशील, भाऊजी बाहेरच्या खोलीत असतील, आणि तुला आवाज न करता रडावं लागेल, हे सगळं मला दिसतंय. तरी लिहिलं. मला येणाऱ्या चांगल्या पद्धतीने तुला हे सांगणं माझ्याच्याने होईना. ती मी फार जणांवर वापरली आहे.

मला अजून रडू आलेलं नाही. ते यायचं असेल तर तुझ्यासमोर येऊ दे. आलं नाही तरी मला हाकलू नकोस.

शुक्रवारी दुपारी पोचते. शनिवारी तुम्हा दोघांबरोबर मीही येईन, बाहेर बसेन, औषधं आणेन, रांगेत उभी राहीन. फक्त एक कर. भाऊजी विचारतील, आणि तू सवयीने म्हणशील, "बुटकी सांगेल, ती नीट सांगते." ते म्हणू नकोस. तू म्हटलंस तर मी सांगेन, ताई. फार सुंदर सांगेन. एकही शब्द चुकणार नाही.

तुझीच राहू दे,
धाकटी